मजल दरमजल

आपल्याकडे धावणे ही क्रिया पूर्वापार कोणत्या ना कोणत्या परीक्षेला जोडलेली आहे. शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात शंभर मीटरची शर्यत असते, तीत पहिल्या आलेल्यास पेला मिळतो आणि मागे राहिलेल्यास पुन्हा कोणी मैदानावर बोलावीत नाही. पुढे वयात आल्यावर पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर अंतर घड्याळाच्या धाकाखाली कापावे लागते, आणि नाशिकच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर पहाटे जाऊन पाहावे तर आसपासच्या तालुक्यांतून खोल्या करून राहिलेली मुले जिवाच्या आकांताने त्या अंतराशी झुंजताना दिसतात. त्यांच्या कष्टांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, कारण त्या काही मिनिटांवर एकेका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते. परंतु ज्याला नोकरी मिळवावयाची नाही आणि पेलाही जिंकावयाचा नाही, अशा पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने धावावे ते कोणत्या चालीने, याचे उत्तर ना शाळेने दिलेले असते, ना भरतीच्या मैदानाने.

माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यातली. मोजणीचे नकाशे, हद्द कायम करण्याची प्रकरणे आणि हरकतींचे अर्ज यांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे बसून काढल्यावर रक्तदाबाने आपली हजेरी लावली, आणि डॉक्टरांनी सर्व तपासण्या करवून घेतल्यानंतर चालण्याच्या जोडीला थोडे धावण्याची मुभा दिली. ‘थोडे’ म्हणजे किती, हे त्यांनी सांगितले. ‘कसे’ हे मात्र मला कॉलेज रोडलगतच्या कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एका सुभेदारांनी शिकविले.

देवळालीच्या तोफखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ ट्रॅकवर सर्वांच्या परिचयाचे होते. सडपातळ बांधा, पांढऱ्या मिशा, डोक्याला घट्ट बांधलेला मफलर, आणि पावले इतकी आखूड व हलकी की त्यांच्या बुटांचा आवाज जवळ गेल्यावाचून ऐकू येत नसे. माझी धाप त्यांनी काही दिवस दुरून ऐकली असावी. एके दिवशी ते आपण होऊन माझ्या बरोबरीला आले आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या कचेरीत एखादा जुना तंटा असेल ना? तो मला सांगा. पळता पळताच सांगा.”

मला दिंडोरीकडील दोन भावांच्या बांधाचे एक जुने प्रकरण आठवले. द्राक्षाच्या दोन बागांच्या मध्ये हातभर रुंदीची जमीन, आणि तिच्यासाठी मोजणी, फेरमोजणी आणि अपील अशी पायरी पायरीने वाढत गेलेली ती कैफियत मी सुरू केली. “थोरल्या भावाचं म्हणणं असं, की वडिलांनी वाटणीच्या वेळी जो दगड…” येथपर्यंत आलो आणि पुढील शब्दासाठी छातीत हवाच उरली नाही. सुभेदारांनी हात किंचित खाली दाबल्यासारखा केला. “वाक्य तुटलं. आता चाल कमी करा, आणि तेच वाक्य पहिल्यापासून.” मी चाल उतरविली, पुन्हा थोरला भाऊ, पुन्हा वाटणी, पुन्हा तो दगड, आणि पुन्हा वाक्य तुटले. तिसऱ्या खेपेस आमची गती इतकी उतरली होती की शेजारून झपाझप चालणाऱ्या एक आजी आम्हांला सहज मागे टाकून पुढे निघून गेल्या. पण त्या खेपेस वाक्य पूर्णविरामापर्यंत पोहोचले, त्याच्यामागून दुसरे निघाले, आणि ट्रॅकची फेरी संपली तेव्हा धाकट्या भावाची हरकतही सांगून झाली होती. “ही तुमची चाल,” सुभेदार म्हणाले. “हिच्यावर सहा महिने काढा. वर जायची घाई नको.”

सहा महिने! ज्या गतीने चालणारी माणसेदेखील आपल्यापुढे जातात त्या गतीने सहा महिने धावावयाचे, ही गोष्ट ऐकावयास सोपी आणि आचरणात आणावयास मोठी कठीण आहे. शरीराला तीत कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते मनाला, कारण मागून पावले वाजली की पाय आपोआप वेग घेतात, ओळखीचा माणूस समोरून आला की छाती पुढे निघते, आणि मनगटावरील घड्याळ किलोमीटरमागे मिनिटांचा हिशेब दाखवून सारखा तगादा लावीत असते. धावण्यातील संयम हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते वेगाइतक्याच परिश्रमाने कमवावे लागते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

सुभेदारांच्या शिकवणुकीस शास्त्राचा भक्कम आधार आहे, हे पुढे वाचनात आले. मंद गतीने धावताना स्नायूंना लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते आणि तीत मेदाचा वाटा मोठा असतो. गती एका मर्यादेपलीकडे गेली की शरीर साखरेचा मोजका साठा वेगाने खर्ची घालू लागते, रक्तात लॅक्टेट साचू लागते, श्वास तोकडा पडतो आणि वाक्य तुटते. उलट आठवड्यांमागून आठवडे संथ धावत राहिले असता स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतील तंतुकणिका वाढतात, आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे लोटू लागल्यामुळे तेवढेच अंतर कमी ठोक्यांत कापले जाते. शिवाय फुप्फुसे आणि हृदय लवकर तयार होतात, पण स्नायुबंध आणि नडगीचे हाड यांना नव्या भाराची सवय होण्यास कितीतरी अधिक काळ लागतो. नवख्या माणसाच्या नडग्या आणि घोटे दुखू लागतात ते बहुधा याच कारणामुळे. दम आला म्हणून पाय तयार झाले असे होत नाही.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात जोड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्थर लिडियार्ड नावाच्या गृहस्थाने हे तत्त्व प्रयोगशाळेत न जाता स्वतःच्या पायांवर तपासून पाहिले. ८०० मीटरसारख्या अल्प अंतराच्या धावपटूंकडूनही तो आठवड्याला १०० मैलांपर्यंत मजल मारवून घेत असे, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या शिष्यांपैकी पीटर स्नेलने ८०० मीटरचे व मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक, तर बॅरी मॅगीने मॅरेथॉनचे कांस्यपदक मिळविले. परंतु मला लिडियार्डचे अधिक मोठे कार्य वाटते ते त्यानंतरचे. ऑकलंडमधील प्रौढ माणसांना, त्यांत हृदयविकाराने ग्रासलेलेही होते, त्याने गप्पा मारता येतील अशा चालीने एकत्र धावावयास लावले, आणि १९६२ साली त्यांचे मंडळ स्थापन झाले. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचा विख्यात प्रशिक्षक बिल बोवरमन त्याच वर्षी तेथे गेला असता एका सत्तरी ओलांडलेल्या हृदयरुग्णासमवेत धावताना त्याची दमछाक झाली. मायदेशी परतून त्याने आपल्या गावात तसेच वर्ग सुरू केले आणि १९६७ साली ‘जॉगिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आज जगभर सकाळच्या प्रहरी जी सामान्य माणसे बागांतून दुडकताना दिसतात, त्यांच्या मुळाशी ऑकलंडची ती मंडळी आहेत.

इतक्या दूर जाण्याची तरी काय गरज? नाशिक हा लांब पल्ल्याच्या धावपटूंचा जिल्हा आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली, आणि ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव घराघरांत गेले. तिच्यामागून कितीतरी मुली वाड्यापाड्यांवरून नाशिकला येऊन सराव करू लागल्या. त्यांच्यापैकी हरसूलकडची एक मुलगी मला एका सकाळी दिसली, ती माझ्याहून किंचितच अधिक अशा गतीने, हात सैल सोडून, शेजारच्या मैत्रिणीशी घरच्या गोष्टी बोलत जात होती. हिला बरे नसावे असे वाटून मी विचारले. “नाही काका, आज सोपा दिवस आहे,” ती हसून म्हणाली, “उद्या जोरात पळायचंय.” जिच्या वेगाशी ट्रॅकवर कोणाचीच गाठ पडली नसती, ती मुलगी अशी सावकाश जाते आणि त्यात तिला कसलाही कमीपणा वाटत नाही, हे पाहिल्यानंतर मी घड्याळ घरी ठेवू लागलो.

घड्याळ गेले आणि नाशिक दिसू लागले. आठवड्यातून एकदा गंगापूर रोडने सोमेश्वरापर्यंत जाण्याचा शिरस्ता मी घालून घेतला. वर्षाऋतूत गंगापूर धरणातून पाणी सोडले म्हणजे सोमेश्वराजवळचा धबधबा दृष्टीस पडण्यापूर्वीच त्याचा घोष कानी येतो. मार्गशीर्ष-पौषात गोदावरीच्या पात्रावर धुके इतके खाली उतरते की पैलतीरावरची झाडे बुडख्यावाचून उभी असल्यासारखी वाटतात. आणि माघ उजाडला की द्राक्षांची खोकी लादलेल्या पिकअप गाड्या रस्त्यावर दिसू लागतात. या रस्त्याने मोटारसायकलवरून मी अर्धे आयुष्य ये-जा केली, पण एका वळणावर जुन्या पायरीच्या विहिरीत पिंपळ उगवला आहे, तो माझ्या नजरेस पडला तो या चालीमुळेच. सावकाश धावणाऱ्याची नजर पायांपुढच्या दोन हातांवर खिळलेली नसते. ती मोकळी असते.

पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर तर ‘सावकाश’ याचा अर्थ निव्वळ चालणे असाच होतो, आणि तेथे बिनतक्रार चालावे. चढावर चालल्याने धावण्याला बट्टा लागत नाही.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तिच्या आधीच्या दिवसांत दिंड्या नाशिकमधून त्र्यंबकच्या वाटेला लागतात. गेल्या यात्रेच्या वेळी मी त्र्यंबक रस्त्यावर एका दिंडीच्या कडेने काही अंतर धावत गेलो. पुढे पताका, मध्ये टाळकरी, मागे तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. त्यांत कोणी सत्तरीचे, कोणी अनवाणी, आणि सर्वांच्या मुखी अभंग. ते रोजच्या मुक्कामाचे अंतर मजल दरमजल करीत कापतात, आणि ज्याच्या छातीत गाण्यापुरता श्वास शिल्लक असतो त्याची चाल योग्य असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागलेले नाही. सुभेदारांनी मला जी कसोटी लावली तीच ही. एका वृद्ध वारकऱ्याने माझ्या बुटांकडे पाहून विचारले, “माउली, कुठवर?” मी म्हटले, “सातपूरपर्यंत.” “मग या की आमच्याबरोबर,” ते म्हणाले, आणि मी चाल आणखी उतरवून त्यांच्या शेजारून सातपूरपर्यंत गेलो. धावण्यातून मला जे सुख मिळाले त्यातले फार मोठे माप त्या सकाळच्या पदरात आहे.

माझा रक्तदाब आता आटोक्यात आहे. औषध चालू आहेच आणि ते डॉक्टरांच्या हुकमावाचून मी बंद करणार नाही. माझी गतीही, मी तिच्या मागे न लागता, थोडी वाढली आहे: ज्या चालीवर पूर्वी थोरल्या भावाचे वाक्य तुटत असे, तिच्यावर आता सबंध प्रकरण निकालासह सांगता येते.

ज्यांना नव्याने धावण्यास प्रारंभ करावयाचा असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चाळिशी उलटली असेल अथवा छातीचे काही दुखणे असेल तर आधी तपासणी करून घ्या. प्रारंभी दोन मिनिटे दुडकावे, एक मिनिट चालावे, आणि ही अदलाबदल अर्धा तास चालू ठेवावी. एक दिवस धावल्यावर एक दिवस पायांना विश्रांती द्यावी. सोबतीला कोणी असेल तर त्याच्याशी बोलत राहावे, नसेल तर एखादा पाठ असलेला अभंग गुणगुणावा, आणि शब्द तुटला की विनासंकोच चाल उतरवावी. ज्यांना सोबत हवी असेल त्यांनी पहाटे कृषिनगरच्या ट्रॅकवर यावे. तेथे आमच्या चालीने जाणारी बरीच मंडळी असतात, आणि त्यांच्यातले कोणीही तुम्हांला मागे टाकून पुढे जाणार नाही.