हापूसचें गांव

कांहीं गांवें आपल्या मालावरूनच ओळखलीं जातात. फ्रान्समधील शांपेन प्रांताचें नांव जसें तेथील मद्यास पडलें, तसेंच रत्नागिरी म्हटलें कीं परगांवच्या मनुष्यास प्रथम आंब्याची पेटी आठवते. लोकमान्य टिळक येथें 1856 सालीं जन्मले. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा येथेंच 1916 सालीं मरण पावला. सावरकरांच्या स्थानबद्धतेच्या काळांत, 1931 सालीं, येथें पतितपावन मंदिर उभें राहिलें. परंतु पेटीवरचीं छापील अक्षरें या सर्वांहून दूर पोंचलीं आहेत. इतकीं दूर, कीं कर्नाटकांतला आंबाही तींच अक्षरें लावून विकला जातो! 2018 सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांच्या हापूसास भौगोलिक मानांकन मिळालें खरें. पण बाजारांत कायदा कांहीं पेटी उघडून पाहात नाहीं.

हापूस हा मुळांत येथला नव्हे. गोव्यांत पोर्तुगीजांनीं कलमें बांधण्याची विद्या रूढ केली, आणि आफोन्सो द आल्बुकर्क याच्या नांवाचा अपभ्रंश होत होत ‘हापूस’ झाला. त्यापूर्वीं, व त्यानंतरही पुष्कळ काळ, घरोघर रायवळ आंबाच असे. कोयीपासून वाढलेलें झाड. एकाची चव दुसऱ्यास नाहीं. आमच्या परसांतील प्रत्येक झाडास नांव होतें: गोडांबा, शेंदऱ्या, विहिरीवरचा. रायवळ चोखून खावयाचा, त्याचें सासव करावयाचें, साठें उन्हांत वाळत घालावयाचीं. पहांटे पडलेले आंबे मुलांनीं वेंचले तर कोणी हिशेब विचारीत नसे. पुढें या झाडांपैकीं बहुतेक तुटलीं, आणि त्यांच्या फळ्यांच्या पेट्या होऊन त्यांतून हापूस मुंबईस गेला. आतां पेट्या पुठ्ठ्याच्या झाल्या आहेत. आमच्याकडे विहिरीवरचा तेवढा उरला आहे.

गांवाचें रूप झपाट्यानें पालटलें तें 1990 नंतर. त्या सालीं सरकारनें रोजगार हमी योजनेशीं फळबागांची जोड घातली, आणि ज्या सड्यावर पावसाळ्यांत गुरें चरत, तेथील कातळ सुरुंगांनीं फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून कलमें लागलीं. याच सड्यांवर प्राचीन मानवानें कोरलेलीं कातळशिल्पें आहेत. 2022 सालीं तीं युनेस्कोच्या संभाव्य यादींत गेलीं. तोंपर्यंत किती सुरुंगाखालीं गेलीं असतील, याचा विचार न केलेलाच बरा. 1998 सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली. मांडवीस पडावांत बसून आगबोट गांठलेल्या वृद्धांस आगगाडीचें अप्रूप अजून वाटतें. तरुणांस अर्थात् नाहीं.

हें सारें वाईटच झालें असें म्हणणारांत आम्ही नाहीं. पूर्वीं येथलीं घरें मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत. आज हापूसच्या पैशानें छपरावर कौलें चढतात, मुलींचीं शिक्षणें होतात. पण तो पैसा येतो कसा, हेंही पाहिलें पाहिजे. मोहोर दरसाल यावा म्हणून मुळांशीं कल्टार घालतात. तुडतुडे व फुलकिडे यांकरितां फवारणीवर फवारणी होते. आणि व्यापाऱ्याची उचल पुष्कळदां आधींच घेतलेली असते. मे 2021 मध्यें तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलें, तेव्हां एका दिवसांत ढीगभर आंबा जमिनीवर आला. उचल मात्र फेडावीच लागली. बागेची राखण व झेल्यानें आंबा उतरविणें हीं कामें आतां अनेक बागांत नेपाळी गडी करतात. गांवचीं मुलें पुण्यास किंवा समुद्रापलीकडे आहेत.

खरा पेंच घरांतला आहे. एकाच सातबाऱ्यावर आमच्या चुलत्या-पुतण्यांचीं मिळून अठरा नांवें आहेत. गेल्या गणपतींत सर्व मंडळी जमली असतां बाग विकण्याचा विषय निघाला; बंगले बांधणारें गिऱ्हाईक आलें होतें. पुण्याचा पुतण्या म्हणाला, “काका, वर्षाकाठीं हिश्शाला दोन पेट्या येतात, त्यांतही निम्मे डागी. तेवढ्यासाठीं सही कशाला अडवायची?” त्याचें म्हणणें खोटें नव्हतें, उत्तम फळ वाशीच्या बाजारांत जातें आणि घरीं डागी उरतें, हें येथील घरोघरचें आहे. थोरल्या वहिनी, ज्यांनीं चाळीस वर्षें त्या बागेचा जमाखर्च लिहिला, माजघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाग गेली, तर मे महिन्यांत तुम्ही इकडे यायचें तें कशाला?”

यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं ठरलें तें इतकेंच, कीं बाग तूर्त तीन वर्षें करारानें द्यावी, व विहिरीवरचा रायवळ करारांतून वगळावा. करार घेणारानें हरकत घेतली नाहीं. त्या झाडास बाजारांत किंमतच नाहीं.