इलेक्ट्रॉनिक सिटीतील नऊ संध्याकाळी

वाचकहो, बंगळूरला जाणार असे कोणी सांगितले, की एके काळी लालबागेची, तेथील फुलांच्या ताटव्यांची आणि थंड हवेची आठवण निघत असे. आज मात्र पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीत?" घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी बंगळूरला निघालो तेव्हा मलाही हाच प्रश्न गाडीत दोनदा विचारला गेला. मी कोणत्याही कंपनीत जात नव्हतो. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने पत्र पाठवून मला बोलावले होते. पत्र हाताने लिहिलेले होते, आणि त्यात एवढेच होते : "नवरात्रात ये. आमच्या इमारतीत एक नेम धरला आहे. तो पार पडतो की मोडतो, ते पाहायला बाहेरचा एक साक्षीदार हवा."

शहरातून इलेक्ट्रॉनिक सिटीला जाण्याचा मार्ग आता सुखाचा झाला आहे. होसूर रस्त्यावरील कोंडी टाळण्यासाठी 2010 साली सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उन्नत रस्ता खुला झाला. पुढे 10 ऑगस्ट 2025 रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. तिची लांबी एकोणीस किलोमीटरांहून किंचित अधिक असून तीवर सोळा स्थानके आहेत. खिडकीतून पाहावे तो काचेच्या उंच इमारती, मधूनच नारळीची चार झाडे आणि बांधकामासाठी उकरलेली लालभडक माती. त्या लाल मातीकडे मी तेव्हा विशेष लक्ष दिले नाही. पुढे तिची ओळख व्हायची होती.

ही नगरी फार जुनी नाही. 1978 साली कर्नाटक शासनाच्या 'केऑनिक्स' या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या परिसरात 332 एकर जमिनीवर ती वसविली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष रामकृष्ण बाळिगा यांची ही कल्पना. त्या काळी शहरापासून इतक्या दूर, नाचणीच्या शेतांच्या प्रदेशात, असे काही उभे राहील यावर कितीजणांचा विश्वास बसला असेल? आज देशाच्या कानाकोपऱ्यातील माणसे येथे येऊन राहिली आहेत. पुण्यात 1981 साली स्थापन झालेल्या आणि दोन वर्षांनी बंगळूरला आलेल्या इन्फोसिसचे विस्तीर्ण आवारही येथेच आहे. जगभरच्या पेढ्या, दुकाने आणि दवाखाने ज्या संगणकीय व्यवस्थांवर चालतात, त्यांपैकी कितीतरी या वसाहतीत घडतात. अशा ठिकाणी मोबाइल बाजूला ठेवण्याचा नेम धरायचा, म्हणजे मिठागरात राहून अळणी जेवण्याचाच प्रकार!

नेमाची कल्पना इमारतीतील एका सांगलीकर गृहस्थांनी आणली होती. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली ठरविले, की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. टाळेबंदीच्या काळात शिक्षणासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्यामागचे कारण. या गृहस्थांनी इमारतीच्या सभेत विचारले, "ऊस पिकविणाऱ्या गावाला जे जमते, ते आपल्याला नऊ दिवस जमू नये काय?" दसऱ्याच्या सुट्टीचे निमित्त होतेच. ठरले असे, की घटस्थापनेपासून नवमीपर्यंत रोज सात ते साडेआठ सर्वांचे मोबाइल तळमजल्यावरील एका टोपलीत ठेवायचे आणि प्रत्येक संध्याकाळी एका घराने बाकीच्यांना हाताने करण्याचे एक नवे काम शिकवायचे.

पहिली संध्याकाळ एका कन्नड कुटुंबाची होती. नवरात्रात कर्नाटकात घरोघरी बाहुल्यांची आरास मांडतात. तिला 'गोंबे हब्ब' म्हणतात. विषम संख्येच्या पायऱ्या रचायच्या आणि सर्वांत वर 'पट्टद गोंबे', म्हणजे राजाराणीची जोडी, बसवायची. ही जोडी मुलीला लग्नात माहेरहून मिळते. खालच्या पायऱ्यांवर चन्नपट्टणची रंगीत खेळणी होती. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांची ती भावंडेच शोभावीत! बंगळूरपासून साठेक किलोमीटरवर म्हैसूरच्या वाटेवर हे गाव आहे. काळ्या कुड्याचे पांढुरके, मऊ लाकूड लेथवर फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला झिलई आणतात. हे ऐकताना मुले खेळण्यांवर बोटे फिरवून पाहत होती. मीही पाहिले, लाखेचा तो गुळगुळीतपणा शब्दांत सांगता येणार नाही.

दुसऱ्या संध्याकाळी एका तमिळ आजींनी तांदळाच्या पिठीचे कोलम शिकविले. मुले त्यांना 'पाटी' म्हणत. पाटी म्हणजे आजी. आधी ठिपके, मग त्यांना वळसे घालणारी एकच अखंड रेघ. अंगठा आणि तर्जनी यांतून पिठी सारखी सुटली पाहिजे. मोठमोठ्या आज्ञावली लिहिणाऱ्या एका तरुण अभियंत्याची रेघ तीन वेळा तुटली, तेव्हा पाटींनी त्याला शांतपणे सांगितले, "श्वास रोखू नकोस."

तिसरी संध्याकाळ आमची, मराठी माणसांची. माझा दहा वर्षांचा पुतण्या महिनाभर आधीपासून या दिवसाची वाट पाहत होता. किल्ला करायचा होता. किल्ला खरा दिवाळीचा. पण सुट्टी आता होती, म्हणून तो दसऱ्यालाच ओढून आणला. रायगड करावा की प्रतापगड, यावर वाद झाला. शेवटी दादाने तोड काढली : बंगळूरचाच किल्ला करू. 1537 साली केंपेगौडांनी हे शहर वसविले तेव्हा येथील कोट मातीचाच होता. 1761 साली हैदरअलीने तो दगडात बांधून घेतला. मधल्या काळात, 1638 नंतर, बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती आणि बाल शिवाजीही काही काळ येथे राहून गेल्याचे इतिहासकार सांगतात. तेव्हा हा किल्ला कन्नड मुलांचाही आणि आमचाही. शेजारच्या बांधकामावरून लाल मातीच्या पाट्या आल्या, विटांचे तुकडे आले, गोणपाट आले. तटावर हिरवळ उगवावी म्हणून आपण हळीव किंवा मोहरी पेरतो. येथे सुरक्षारक्षकाच्या पत्नीने मूठभर नाचणी आणून दिली. ती जवळच्याच खेड्यातील. पुढे पाचव्या संध्याकाळी तिलाच आग्रहाने बोलावून मुलांनी नाचणीचे 'मुद्दे' कसे वळतात आणि न चावता कसे गिळतात, ते शिकून घेतले.

मध्यंतरी चौथ्या दिवशी प्रत्येकाने एक गुंडी शिवली आणि एक अंतर्देशीय पत्र लिहिले. पत्त्याचा भाग कोणता, घडी कोठे घालायची, चिकटवायचे कोठे, हे एकाही मुलाला ठाऊक नव्हते. पण पत्र लिहायला बसल्यावर सर्वांत जास्त वेळ मोठ्यांनाच लागला, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता नेम कोठे मोडला तेही सांगतो. पहिला दोषी मीच. लेखासोबत छायाचित्रे हवीत, या सबबीखाली मी माझा मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. सहा वर्षांच्या एका मुलीने भर मंडळीत विचारले, "काकांचा टोपलीत का नाही?" मला उत्तर सुचले नाही. मी मुकाट्याने तो टोपलीत टाकला. या लेखासोबत छायाचित्रे नाहीत, त्याचे कारण एवढेच.

दुसरा प्रसंग गंभीर होता. दादाच्या कार्यालयाचे ग्राहक परदेशी. आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा त्यांचा दिवस ऐन भरात असतो आणि काही आठवडे रात्रीबेरात्री बोलावणे येण्याची पाळी त्याची असते. सहाव्या संध्याकाळी भोंडला सुरू होता. पाटावर हत्ती काढून बायका-मुली फेर धरीत होत्या आणि खिरापत ओळखण्याचा गोंधळ चालला होता. दादा टोपलीतून मोबाइल काढून जिन्यात गेला, तो तासभर आलाच नाही. तेवढ्यात पाऊस कोसळला. माझा पुतण्या एकटाच किल्ल्याकडे धावला आणि गोणपाट दोन्ही हातांनी ताणून भिजत उभा राहिला. आम्ही पोचेतो एक बुरूज खचला होता. मुलगा रडला नाही. "बाबा म्हणाले होते, आज तट पक्का करू," एवढेच तो म्हणाला. दादा जिन्याच्या दाराशी उभा राहून ते ऐकत होता. त्या रात्री घरात कोणीच फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने नेम सोडून देण्याची भाषा केली. "माझी नोकरीच अशी आहे," तो म्हणाला. आणि त्यात खोटे काही नव्हते. वाट पाटींनी दाखविली. ज्यांच्या पाळ्या आहेत त्यांचे मोबाइल माझ्यापाशी ठेवा; मी येथेच खुर्चीवर बसते; खरेच वाजला तर हाक मारते. उपाय इतका साधा, की सर्वजण हसले. सातव्या संध्याकाळी त्या दीड तासात दादाचा मोबाइल एकदाही वाजला नाही. आठव्या संध्याकाळी एकदा वाजला. पाटींनी हाक मारली, दादा दहा मिनिटांत बोलून परत आला. खचलेला बुरूज बापलेकांनी मिळून पुन्हा उभारला. एरवी दादा मोबाइलकडे किती वेळा उगाच पाहत असे, हे त्याला स्वतःलाच त्या दोन संध्याकाळी उमगले असावे.

नवमीला कर्नाटकात आयुधपूजा असते. इलेक्ट्रॉनिक सिटीत त्या दिवशी कार्यालयांतील संगणकांनाही हार घालतात. चाकांखाली लिंबे ठेवतात, कोहळे फोडतात. आमच्या इमारतीत पाटावर सुई, कात्री, खुरपे, पेचकस आणि मुलांची वापरून झिजलेली पेन्सिल मांडली होती. मोबाइलची टोपलीही कोणीतरी शेजारी आणून ठेवली. त्यालाही कुंकू लागले. मग पाटी म्हणाल्या, ज्या आयुधाची पूजा केली त्याला त्या दिवशी वापरायचे नसते, त्याला विश्रांती द्यायची असते. पुस्तकेसुद्धा सरस्वतीपुढे ठेवली की विजयादशमीपर्यंत उघडत नाहीत.

वाचकहो, मला वाटते की या नेमाचे सगळे मर्म त्या वाक्यात आहे. मोबाइल हा शत्रू नव्हे. या नगरीतील हजारो कुटुंबांची चूल त्याच्या आणि संगणकाच्या जोरावर पेटते. पण तो एक आयुध आहे, आणि आयुधाला विश्रांती देण्याची रीत आपल्याकडे मोबाइलच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. याच होसूर रस्त्यावर, शहराच्या बाजूस, 'निम्हान्स' ही संस्था आहे. तेथे 2014 साली तंत्रसाधनांच्या अतिवापराने त्रस्त झालेल्यांसाठी खास उपचारकेंद्र सुरू झाले. दोन ते चार वर्षांच्या बालकांनी दिवसातून एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सुचविले. वैद्यांचे सांगणे मोलाचे आहेच. तथापि केवळ मनाईने मुलांचे हात रिकामे राहतात. त्या हातांना काम आणि शेजारी माणूस मिळाले, तर टोपलीची आठवणही होत नाही.

आपल्या घरी असा नेम धरावयाचा असेल, तर अनुभवाने कळलेल्या चार गोष्टी सांगतो. दिवस थोडे आणि ठरलेले असावेत. सणाचे किंवा सुट्टीचे निमित्त असावे. वेळ सर्वांची एकच असावी, आणि मोठ्यांचे मोबाइल आधी टोपलीत पडावेत. काम असे निवडावे, की ते शिकविणारा घरात किंवा शेजारात असेल. आजीआजोबांना, कामावरच्या बाईंना, रखवालदाराला बोलवावे. आणि ज्याला अडचण आहे त्याला दोष न देता त्याच्यासाठी वाट काढावी.

दसऱ्याला सकाळी मी परत निघालो. सोने वाटून झाले होते. पुतण्या मला हाताला धरून किल्ल्यापाशी घेऊन गेला. नव्या बुरुजावर अजून काहीच उगवले नव्हते, पण जुन्या तटावर नाचणीचे बारीक हिरवे कोंब वर आले होते. ही सारी जमीन पूर्वी नाचणीचीच होती, हे मी त्याला सांगितले. त्याने क्षणभर समोरच्या काचेच्या इमारतींकडे पाहिले आणि विचारले, "मग पाणी कोण घालायचे?"