दोष कानाचा की बटणाचा?

पंचाहत्तरीनंतर काही बिघडले की त्याचे खापर आपण प्रथम वयावर फोडतो. ते नेहमीच योग्य ठिकाणी फुटते असे नाही. विलेपार्ल्यातील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका काकांची हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, सांगतो.

काका तरुणपणी वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवीत. नोकरी संपली, पुढे काकू गेल्या, तरी रोज संध्याकाळी तासभर गिटार हा त्यांचा नेम टिकून होता. एकदा रक्तदाब तपासताना ते म्हणाले, "डॉक्टर, आता कान गेले. गिटार पेटीत घालून ठेवली." त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्यांचे फिरणे कमी झाले, जेवणही उणावले. श्रवणयंत्र घ्यावे, असे मुलीचे मत होते.

मी कान तपासले, मळ नव्हता. श्रवणचाचणीत उंच स्वर कमी ऐकू येत असल्याचे दिसले. वयपरत्वे प्रथम तेच उणावतात. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या आलेखाहून फारसा फरक नव्हता. मी विचारले, "काका, रेडिओही असाच गुदमरल्यासारखा ऐकू येतो का?" ते थबकले. "नाही. फक्त गिटार." अधिक विचारता कळले की, आवाजाचे बटण फिरवताना खरखर होई म्हणून त्यांनी त्याखालचा भाग एका कारागिराकडून बदलून घेतला होता. सूर मंदावले ते तेव्हापासून.

या भागाचे नाव पोटेन्शियोमीटर. बाजारात त्याला नुसते 'पॉट' म्हणतात. आत घोड्याच्या नालेसारखी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक संपर्क सरकतो. पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली की खरखर होते. धूळच असेल तर संपर्क स्वच्छ करण्याचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवल्यावर ती बहुधा जाते. पट्टी झिजली असेल तर मात्र पॉट बदलावा लागतो, आणि तो 'मिळेल तो' चालत नाही.

पहिली गोष्ट विरोधाची. गिटारचे पिकअप दुहेरी गुंडाळीचे, म्हणजे हंबकर असतील, तर सहसा ५०० किलोओहमचा पॉट लागतो; एकेरी गुंडाळीचे असतील तर २५०चा. काकांच्या हंबकरच्या गिटारमध्ये १००चा बसवला होता. विरोध जितका कमी, तितके उंच स्वर अधिक गळतात. वयाने जे स्वर आधीच मंद केले होते, तेच या पॉटनेही गिळले.

दुसरी गोष्ट, पॉट लॉग की लिनियर? आपला कान आवाजाची वाढ बेरजेने नव्हे, पटीने जोखतो. डेसिबलची मोजपट्टीही त्याच तत्त्वावर बेतलेली आहे. लिनियर पॉटमध्ये बहुतेक आवाज फेरीच्या आरंभीच उसळतो आणि संधिवाताच्या बोटांना तो सावरत नाही. आवाजासाठी म्हणून लॉग बरा. हल्लीच्या बहुतेक पॉटवर 'ए' म्हणजे लॉग आणि 'बी' म्हणजे लिनियर. शंका असल्यास बटण मध्यावर ठेवून मल्टिमीटरने मोजावे. एका टोकापासून निम्मा विरोध दिसला तर लिनियर, दहा-पंधरा टक्केच दिसला तर लॉग.

तिसरी गोष्ट मापांची. दांडा गुळगुळीत की दातेरी, पाव इंची की सहा मिलिमीटरचा, आणि त्याची मान गिटारच्या छिद्रात बसते का? यावर सोपा उपाय म्हणजे जुना पॉट आणि बटण सोबत नेणे. काकांच्या पेटीत मूळचा पॉट सापडला; पाठीवर 'ए५००के' असे उमटलेले होते.

मुलगी नवी गिटार घेऊन द्यायला निघाली होती. मी म्हटले, "त्याआधी त्यांनाच बाजारात घेऊन जा." शनिवारी, सकाळची गर्दी ओसरल्यावर, दोघे पार्ल्याहून धिम्या गाडीने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे आजचे नाव. तिसऱ्या दुकानात हवा तो पॉट मिळाला. प्रत्येक दुकानदाराशी बोलणे काकांनीच केले. डाखकाम मात्र शेजारच्या तरुणाने केले. हात थरथरत असतील तर तापलेली डाखणी हाती घेऊ नये.

काकांचे कान काही तरुण झाले नाहीत. चारचौघांतले बोलणे निसटते, त्यासाठी श्रवणयंत्राचा विचार आम्ही आता करतो आहोत. आपल्या घरीही कोणी "आता जमत नाही" म्हणाले, तर नेमके काय आणि कधीपासून, हे अवश्य विचारा. मात्र एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर विचारपूस करीत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काकांनी पुढील तपासणीची वेळ सकाळची मागून घेतली आहे. संध्याकाळी त्यांना सवड नसते.