बँकर आणि गाडी

कर्जतला पुण्याकडे जाणारी एक्स्प्रेस थांबली की प्रवासी वडापावकडे धावतात. मी लहानपणी शेवटच्या डब्याकडे पळायचो. तिथे बँकर लागायचे, म्हणजे गाडीला मागून रेटणारी इंजिनं. बोरघाटात काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. पुढच्या इंजिनाला तो एकट्यानं पेलवत नाही. घाट चढून झाला की बँकर सोडतात. रेटा मागचा असला, तरी गाडी पुढच्या ड्रायव्हरचीच.

आता मी कर्जत-खालापूरमधल्या कृषी पर्यटन केंद्रांच्या, फार्महाऊसच्या वेबसाइटचं काम करतो. त्या वर्डप्रेसवर आहेत. २००३ साली आलेल्या या प्रणालीचा मोठा उपकार असा, की दर, फोटो, नियम मालकाला स्वतः बदलता येतात. पण चौकशीचा अर्ज आला की तो वेबसाइटच्या पोटातच पडून राहायचा. मालक भातलावणीत, फोनला रेंज नाही. संध्याकाळी पाहावं तर पाहुणे दुसरीकडे गेलेले. इथे बाहेरचं इंजिन लागतं.

वेबसाइट आणि बाहेरच्या साधनाची जोडणी दोन दिशांची असते. अर्ज भरला की वेबसाइट आपण होऊन ठरलेल्या पत्त्यावर निरोप धाडते, तो वेबहुक. बाहेरच्या साधनाला वेबसाइटमधलं काही वाचायचं-लिहायचं असेल, तर दार असतं रेस्ट एपीआयचं. डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून लेख आणि पानांसाठी ते वर्डप्रेसमध्येच आहे. मधे झेपियर किंवा एन-एट-एनसारखं साधन बसतं. ते शीटमध्ये ओळ भरतं, मालकाला मेसेज करतं, पाहुण्याला उत्तर पाठवतं.

एका पावसाळ्यात माझ्या हातून चूक झाली. त्या उत्तराचा मजकूर मी थेट साधनातच लिहून ठेवला होता: मुक्काम, जेवण आणि जवळचा धबधबा. जुलैत प्रशासनानं धबधब्यांवर जायला बंदी केली. मालकानं वेबसाइटवर सूचना लगेच लावली. उत्तरं मात्र दोन दिवस धबधब्याचं आमंत्रण देत राहिली. एक कुटुंब लहान मुलांना घेऊन आलं. मालकानं फाटकातच थांबवून समजावलं, म्हणून निभावलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पावसाची सूचना म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. चुकीचा निरोप यंत्रानं पाठवला, म्हणून पाठवणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही.

तेव्हापासून माझ्या कामात मजकुराचं घर एकच, वेबसाइट. दर, नियम, बंदीची सूचना तिथेच लिहायची. साधनानं उत्तर पाठवण्याच्या क्षणी ते सगळं तिथून वाचून घ्यायचं, स्वतःजवळ साठवायचं नाही.

बाकीचे धडेही असेच पदरात पडले. कधी साधनाला निरोप पोचतो, पण पोच परत येत नाही. मग तोच निरोप पुन्हा जातो आणि एकाच कुटुंबाच्या नावावर दोन खोल्या अडतात. म्हणून प्रत्येक अर्जाला क्रमांक देतो. तो आधी नोंदलेला असेल तर दुसरी ओळ भरायची नाही. वर्डप्रेसचं वेळापत्रक कुणी वेबसाइट उघडली तरच हलतं, आणि कॅशमधली तयार प्रत दाखवली गेली तर तेव्हाही हलेलच असं नाही. पहाटे पाचची सूचना अशानं नऊ वाजेपर्यंत अडकू शकते. हे काम आता मी सर्व्हरच्या घड्याळावर सोपवतो. ते दर पाच मिनिटांनी वर्डप्रेसला जागं करतं.

सर्वांत जास्त जपतो ते किल्ल्यांना, म्हणजे पासवर्डना. डिसेंबर २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये प्रत्येक साधनासाठी वेगळा अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड काढता येतो. मालकाचा मुख्य पासवर्ड मी कुठल्याच साधनाला देत नाही. कमी अधिकारांचं वेगळं खातं उघडून त्याची किल्ली देतो, आणि ती रद्द कशी करायची हे मालकाला त्याच्याच हातानं करायला लावतो.

काम सोपवताना मी मालकासमोर सगळ्या जोडण्या एकदा तोडून दाखवतो. पानं उघडतात, दर दिसतात, बंदीची सूचना जागेवर असते, फोन नंबरही असतो. तेवढं दिसलं की जोडण्या पुन्हा लावतो. बँकर सुटल्यावरही गाडी पुण्याला पोचली पाहिजे.