‘नवं घर’ नावाचं जुनं घर

घराचं नाव ‘नवं घर’ आणि वय पाचशे वर्षांच्या आसपास! असं घर पाहायचं असेल तर नकाशा काढा. इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला वेल्स नावाचा छोटासा देश सापडेल. त्याच्या वायव्येला जमिनीचा एक हात समुद्रात घुसलेला आहे. तो जिथून सुरू होतो तिथं, लानस्टिमदुई नावाच्या खेड्यात, हे घर आहे. नाव ‘टी नेविद’. वेल्श भाषेत ‘टी’ म्हणजे घर आणि ‘नेविद’ म्हणजे नवं.

गावाचं नाव वाचताना जीभ अडखळली ना? त्यात त्या पहिल्या ‘ल’ची खरी गंमत तर लिहून दाखवताच येत नाही. जीभ ‘ल’ म्हणताना ठेवतो तशी ठेवा आणि आवाज न काढता दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडा. जमलं? घरी करून पाहा, वर्गात नको.

या घरात लोक सुट्टी घालवायला येतात. पण पोहायला किंवा डोंगर चढायला नव्हे, तर लिहायला! एका वेळी पंधरा-सोळा माणसं आणि त्यांना शिकवायला बहुधा दोन लेखक. कुणी गोष्ट लिहायला आलेलं, कुणी कविता, कुणी अर्ध्यात अडकलेलं पुस्तक पुढं ढकलायला. सकाळी सगळ्यांनी मिळून लिहायचं, मग एकेकानं आपली वही घेऊन लेखकाशेजारी बसायचं. ‘ही ओळ का लिहिलीस?’ असं कुणी शेजारी बसून विचारलं की काय होतं, ते निबंधाची वही लाल शाईनं भरून परत मिळालेल्यांना वेगळं सांगायला नको. शेवटच्या रात्री प्रत्येकानं आपलं लिखाण मोठ्यानं वाचायचं. तेव्हा मोठ्या माणसांचेही हात थरथरतात बरं का!

हे लेखनकेंद्र १९९० साली सुरू झालं. पण कल्पना त्याहून जुनी. १९६८ मध्ये जॉन फेअरफॅक्स आणि जॉन मोट या दोन इंग्रज कवींनी शाळेतल्या काही मुलामुलींना डेव्हन परगण्यात नेलं आणि काही दिवस त्यांच्याबरोबर राहून लिहिलं. परीक्षा नाही, गुण नाहीत. म्हणजे पाहा, या उद्योगाची सुरुवात तुमच्यापेक्षा थोड्याशाच मोठ्या मुलांपासून झाली. त्यातून ‘आर्वन’ ही संस्था उभी राहिली. आर्वनच्या घरांत रात्रीचा स्वयंपाकही पाळीपाळीनं शिबिरार्थीच करत. कांदा चिरता चिरता गोष्टीचा शेवट सुचला, असंही घडत असेल!

आता टी नेविदकडे वळू. डेव्हिड लॉईड जॉर्ज हे पहिल्या महायुद्धाच्या काळातले ब्रिटनचे पंतप्रधान. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी हे घर क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुशिल्पीकडून दुरुस्त करून घेतलं. २६ मार्च १९४५ रोजी याच घरात त्यांचं निधन झालं. जवळच दुइवोर नदीच्या काठी एका मोठ्या दगडाखाली त्यांना पुरलं आहे.

हे गाव त्यांच्या लहानपणाचं. वडील गेले तेव्हा डेव्हिड दीड वर्षांचाही नव्हता. आईचा भाऊ रिचर्ड लॉईड गावात जोडे शिवायचा, त्यानं बहिणीला आणि मुलांना घरी आणलं. पुढं भाच्याला वकिलीच्या परीक्षेसाठी फ्रेंच यायला हवं होतं. गावात शिकवणार कोण? मग मामा स्वतःच पुस्तकं घेऊन बसला. आधी स्वतः शिकायचं, मग भाच्याला शिकवायचं! मला विचाराल तर पंतप्रधानांपेक्षा हा मामाच जास्त आवडतो.

घरात वेल्श बोलायची आणि शाळेत इंग्रजी. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत एक क्रूर प्रकार चाले. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. दुसरं कुणी वेल्श बोललं की तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना तो ज्याच्याकडे असेल त्याला छड्या. म्हणजे स्वतः वाचायचं तर मित्राला पकडून द्यायचं! २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार लोक होते. शंभरात अठरासुद्धा नाहीत.

पण या भाषेत कवीचा मान केवढा, तेही पाहा. दर वर्षी ‘आयस्टेद्वोद’ नावाचा मोठा मेळा भरतो. तिथं छंदात बांधलेल्या उत्तम कवितेला बक्षीस म्हणून चक्क खुर्ची मिळते, कोरीवकाम केलेली. कविता टोपणनावानं पाठवायची. निकालाच्या वेळी ते नाव पुकारतात आणि कवी गर्दीतून उठून उभा राहतो.

६ सप्टेंबर १९१७ रोजी मेळ्यात नाव पुकारलं गेलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. मग कळलं, कवी ३१ जुलैलाच बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला होता. त्याचं कवी म्हणून नाव हेद विन. त्राउसवनिद गावचा, मेंढ्या राखणारा, तीस वर्षांचा. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. ती खुर्ची कोरली होती एका बेल्जियन सुताराने, जो युद्धामुळं आपला देश सोडून ब्रिटनमध्ये आला होता. आणि त्या दिवशी मेळ्यात पंतप्रधान लॉईड जॉर्ज स्वतः हजर होते. त्यांच्याच सरकारच्या सैन्यात हेद विन लढत होता. हेद विनचं शेतावरचं घर आता दुरुस्त करून जपलं आहे. खुर्ची तिथंच आहे, जाऊन पाहता येते.

टी नेविदमध्ये इंग्रजीबरोबर वेल्शमध्येही वर्ग होतात. अशा खुर्चीसाठी लागणारी ‘कंगहानेद’ नावाची विद्याही तिथं शिकवतात. आई-बाबांनाही हा खेळ घेता येईल. कंगहानेदचे प्रकार अनेक आहेत. त्यातल्या एकात ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागातली व्यंजनं त्याच क्रमानं दुसऱ्या अर्ध्यात यावी लागतात. स्वर मात्र बदलायचे. मराठीत करून पाहू:

सारा नाद, सूर नदी.

स-र-न-द, पुन्हा स-र-न-द. सोपं वाटलं ना? मग घ्या वही. आपल्या गावाच्या नावानं सुरुवात करा आणि अशी एक ओळ जुळते का बघा. पण अर्थही लागला पाहिजे हं!