अरुंधती दिसते का?

आमच्या मिरकरवाड्यात रात्र कधी पूर्ण अंधारी नसते. बंदरात ट्रॉलर उभे असतात, बर्फाच्या गाड्या येत-जात असतात, जेटीवर दिवे जळत असतात आणि पलीकडे भगवतीच्या किल्ल्याच्या बाजूला दीपगृहाचा झोत फिरत असतो. त्यामुळे आभाळाकडे बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी सातवीत जाईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. ते मला समजलं वांगणीला, २३ डिसेंबर २००० च्या रात्री. त्या रात्रीची आणि त्यानंतर घरी जे घडलं त्याची ही गोष्ट.

नाताळच्या सुट्टीत मी बदलापूरला मावशीकडे गेले होते. माझा मावसभाऊ कॉलेजात होता आणि त्याला ताऱ्यांचं वेड. तो म्हणाला, "चल, तुला एक रात्र जागवतो." मुंबईतल्या हौशी आकाशनिरीक्षकांची एक संस्था आहे, खगोल मंडळ. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला होता, त्या सुमारास ती सुरू झाली. अमावास्येच्या जवळचा शनिवार गाठून ही मंडळी बदलापूरच्या पुढच्या वांगणी गावात रात्रभर आकाशदर्शन घडवत. अशी हौशी मंडळी आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत बरं का! पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ सालची.

आम्ही चटई, स्वेटर आणि मावशीने दिलेला डबा घेऊन पोहोचलो. माझ्या हातातली बॅटरी पाहून एका ताईने आधी तिच्या काचेवर लाल कागद बांधला. "डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात," ती म्हणाली. "पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला, की सगळी मेहनत पाण्यात!"

आणि खरंच, अर्ध्या तासाने वर पाहिलं तर आभाळ ओळखूच येईना. इतके तारे! त्या वर्षी गुरू आणि शनी दोघेही वृषभ राशीत, कृत्तिकांच्या शेजारी होते. दुर्बिणीतून गुरू पाहिला. त्याच्याजवळ चार चंद्र ओळीत उभे होते. मग शनी. एवढासा, कानातल्या डुलासारखा, आणि भोवती कडं! मी डोळा काढून दुर्बिणीच्या तोंडाशी पाहिलं, कुणी चित्र तर चिकटवलं नाही ना! ताई हसली. म्हणाली, "गॅलिलिओसुद्धा १६१० मध्ये असाच गोंधळला होता. त्याला शनीला दोन कान आहेत असं वाटलं होतं."

मग तिने विचारलं, "सप्तर्षी अजून उगवायचे आहेत. त्यांच्याशिवाय ध्रुव कोण दाखवेल?"

मी पटकन उभी राहिले. आमचे आजोबा जन्मभर समुद्रावर गेलेले, शिडाच्या मचव्यावर तांडेल होते. ते सांगायचे, "मासळीला जाताना ध्रुव उजव्या खांद्यावर, परतताना डाव्या." म्हणजे पश्चिमेला तोंड केलं की उजव्या हाताला ध्रुव. सूर्य मावळताना मी पाहिला होताच. त्या दिशेला तोंड केलं आणि उजवा हात सरळ लांब केला.

सपशेल चुकले! डिसेंबरात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, बराच दक्षिणेकडे सरकून मावळतो. दोनचार मुलं हसली. ताई मात्र म्हणाली, "आजोबांचं बरोबर आहे, तू पश्चिम चुकीची धरलीस." तिने शर्मिष्ठेच्या ताऱ्यांवरून ध्रुव शोधून दाखवला आणि एक गंमत सांगितली. हात लांब करून मूठ धरली, की ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते आणि करंगळी एक अंश. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितकेच आपल्या गावाचे अक्षांश! वांगणीला एकोणीस, रत्नागिरीला सतरा. म्हणजे आमच्या घरचा ध्रुव वांगणीपेक्षा दोन करंगळ्या खाली. जुने अरब खलाशी लाकडाची एक फळी आणि गाठी मारलेली दोरी घेऊन हेच मोजत. त्या साधनाला 'कमाल' म्हणत.

"गाव कुठलं तुझं?" ताईने विचारलं. रत्नागिरी म्हटल्यावर म्हणाली, "मग शंकर बाळकृष्ण दीक्षित तुझ्याच जिल्ह्यातले. दापोलीजवळच्या मुरुडचे. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मराठीत लिहून ठेवलाय." मघाशी हसणारी मुलं आता माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली.

पहाटे दोन-अडीचच्या सुमाराला सप्तर्षी ईशान्येला चांगले वर आले. शेपटीकडून दुसरा तारा वसिष्ठ. त्याला अगदी खेटून एक बारीक तारा, अरुंधती. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ना, तीच. "जुन्या काळी नजर तपासायची ही युक्ती होती," ताई म्हणाली. "दोन दिसले की डोळे ठणठणीत."

मला दोन दिसले. ही युक्ती घरी जाऊन आजोबांना सांगायची, असं मी तेव्हाच ठरवलं.

घरी परतल्यावर दुसऱ्याच पहाटे पाच वाजता उठले. आजोबा होडी लोटायच्या तयारीत होते. बाबा ट्रॉलरवर जात, पण आजोबांची लहान होडी वेगळी. सत्तरी उलटली तरी ते एकटेच जाऊन जाळं टाकत. सप्तर्षी उत्तरेला उंच आले होते. मी विचारलं, "आजोबा, वसिष्ठाजवळ अरुंधती दिसते का?"

"दिसते की."

"कुठल्या बाजूला?"

आजोबा जाळं आवरत राहिले. "दोन कशाला हवेत गो? दर्यावर एक ध्रुव पुरतो. तो बघ, काय लखलखतोय!"

त्यांनी बोट केलं. मी तिकडे पाहिलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. बोट अगदी बरोबर जागी होतं. पण उत्तरेला खाली ढगाची पट्टी आली होती आणि ध्रुव तिच्या आड गेला होता. तिथे काहीच दिसत नव्हतं.

आजोबांना ध्रुव दिसत नव्हता. कोण जाणे किती दिवसांपासून! ते आठवणीने बोट दाखवत होते.

मी काहीच बोलले नाही, तरी त्यांना समजलं. हळूच म्हणाले, "बाय, बापसाला सांगू नको हां. होडी काढून घेतील माझी."

तो दिवस मला कसा गेला म्हणून सांगू! सांगितलं तर आजोबांची होडी जाणार. नाही सांगितलं तर उद्या पहाटे ते पुन्हा एकटे जाणार, खडक आणि ट्रॉलर चुकवत, नुसत्या आठवणीवर. माझ्यावर त्यांचा विश्वास होता म्हणून तर ते बोलले. संध्याकाळी बाबा जाळी शिवत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना रडू आलं.

बाबांनी होडी वर ओढून बांधून ठेवली. आजोबांना गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आजोबा पंधरा दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवायला बसले तरी पाठ करून बसत. मला 'बाय' म्हणायचेही बंद झाले. वांगणीला गेलेच नसते तर बरं झालं असतं, असंसुद्धा वाटून गेलं.

जानेवारीत एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. हिरवी पट्टी गेली, काळा चष्मा गेला. फेब्रुवारी संपताना एका रात्री मी अभ्यास करत होते, तर अंगणातून हाक आली, "बाय, भायेर ये गो!"

आजोबा मान वर करून उभे होते. सप्तर्षी ईशान्येला वर आले होते.

"दोन हायत," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण ध्रुव मी दाखवला तिथंच होता की नाय?"

"तिथंच होता, आजोबा," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांनी होडी एकट्याने कधी लोटली नाही. बाबांबरोबर किंवा शेजारच्या चाचांबरोबर जात. पण जायचे!

आज आजोबा नाहीत. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी पुन्हा जवळ आले. दर वीस वर्षांनी येतात, पण त्या वेळी इतके जवळ, की वसिष्ठ-अरुंधतीमध्ये जेवढं अंतर दिसतं, त्याच्या निम्मंच! त्या संध्याकाळी मी माझ्या मुलीला घेऊन समुद्रावर गेले होते. ती म्हणाली, "आई, दोन आहेत." मग मला विचारलं, "तुला?" मीही नीट पाहून मगच उत्तर दिलं.

मुलांनो, पुढची भेट २०४० मध्ये आहे. तेव्हा तुम्ही चांगले मोठे झालेले असाल. पण अरुंधतीसाठी इतकं थांबायची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊ-दहाला सप्तर्षी उत्तरेला छान उंच असतात. गच्चीवर किंवा अंगणात जा, दिवे मालवा, अर्धा तास थांबा. आणि जाताना आजी-आजोबांना बरोबर न्या. दोन दिसतात का, ते विचारा. उत्तर देताना ते जरा घुटमळले, तर हसू नका. त्यांच्याजवळ बसा आणि घरात सांगा.