अण्णासाहेबांचे हप्ते

एका पगारात तीन कामे करणारा माणूस पाहिला की माझा जीव त्याच्यावर जडतो. प्लासिदो डोमिंगो नावाचे स्पॅनिश गृहस्थ ऑपेरात गायले, वाद्यवृंदापुढे काठी घेऊन उभे राहिले, शिवाय लॉस एंजेलिसच्या ऑपेरा कंपनीचा कारभारही २०१९ पर्यंत त्यांनी पाहिला. म्हणजे कॅश, क्लिअरिंग आणि मॅनेजरची केबिन, तिन्ही एकाच्याच गळ्यात!

युरोपाने खुशाल कौतुक करावे. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्कर होऊन गेले. आणि ते चक्क आमच्या ज्ञातीतले, म्हणजे कारकुनाच्या! पुण्याच्या रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. दिवसा सरकारी टिपणे, रात्री कालिदास. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. पदे त्यांची, तालीम त्यांची, आणि एवढे करून तोंडाला रंग लावून स्वतः उभेही राहिले. त्या दिवशी सातापैकी चारच अंक झाले. १८८२ साली 'सौभद्र'ही तीन अंकांवरच सुरू झाले. हप्त्याने देणे हे बँकवाल्याला लगेच पटते.

"अहो, त्यांना सदतिसाव्या वर्षी सुचलं," सौ. म्हणाली. "तुम्ही शेहेचाळीसचे झालात. तुमचा पहिला हप्ता कधी?"

आमच्या गोंदियाकडे ही हौस अजून जिवंत आहे. धान कापून झाले, दिवाळी सरली, की झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटके. गाणारा नटच डोळ्याने ऑर्गनवाल्याला आवरतो. काठीचा खर्च नाही. शेजारच्या गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर पाच हजार प्रयोग आणि आठशे भूमिका! थंडीच्या दिवसांत राईस मिलचा मुनीम काउंटरवर लाल डोळ्यांनी उभा राहतो. "बाबूजी, रातभर नाटक पाहून आलो. नोटा तुम्हीच मोजा." मी मोजतो. तो उभ्या उभ्या पद गुणगुणतो.

अण्णासाहेब १८८५ साली बेचाळिसाव्या वर्षी गेले. 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले. मंडळी मात्र चालू राहिली. १९०५ साली बालगंधर्व तिच्यातच दाखल झाले.

माझी शिल्लक गेली बावीस वर्षे रोज संध्याकाळी पैशाला पैसा जुळते. मागे एकही काम अपुरे नाही. हल्ली नेमकी तीच गोष्ट झोपू देत नाही.